अध्यापकांची मोजदाद : दोन देशांचा ताळा

एखाद्या गावात विहिरी किती आहेत, या प्रश्नाचे उत्तर तलाठ्याच्या दप्तरात सापडते. परंतु त्या गावास पाणी पुरते किंवा नाही, हे केवळ त्या आकड्यावरून सांगता येत नाही. विहीर जिवंत झऱ्याची आहे की उन्हाळ्यात आटणारी आहे, ती किती घरांनी वाटून घ्यावयाची आहे, आणि तिच्यावर रहाट चालू आहे की नुसता कठडाच उभा आहे, हे पाहिल्यावाचून विहिरींच्या संख्येला अर्थ येत नाही. देशातील अध्यापकांच्या संख्येचीही गोष्ट अशीच आहे. महाविद्यालये व विद्यापीठे यांत शिकविणारी माणसे किती, हा प्रश्न वरवर पाहता रूक्ष वाटतो. तथापि ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी यंदा महाविद्यालयाची पायरी चढणार आहे, त्या घराचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून भारत आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने या दोन देशांचे एतद्विषयक आकडे शेजारी शेजारी मांडून पाहणे बोधप्रद होईल.

भारत सरकारचे शिक्षण मंत्रालय २०१०-११ सालापासून उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी करीत आले आहे. २०२१-२२ सालच्या पाहणीत देशातील अध्यापकांची एकूण संख्या सुमारे १५ लाख ९८ हजार भरली. अमेरिकेत हेच काम राष्ट्रीय शिक्षण-सांख्यिकी केंद्राकडे आहे. त्या केंद्राने २०२१ सालच्या शरद ऋतूतील जी गणती दिली आहे, तीप्रमाणे पदवी देणाऱ्या संस्थांतील अध्यापकांची संख्या सुमारे १५ लाख होती. म्हणजे दोन्ही देश जवळजवळ बरोबरीचे. किंबहुना भारत लाखभर माणसांनी पुढेच. येथेच थांबले तर मोठे समाधान वाटेल. १९४७ साली ज्या देशात विद्यापीठे सुमारे वीस व महाविद्यालये सुमारे पाचशे होती, त्या देशाने पाऊणशे वर्षांत जगातील अत्यंत संपन्न राष्ट्राइतके अध्यापक उभे केले, ही गोष्ट खरोखरच लहान नाही. जे श्रेय आहे ते प्रथम मान्य करून मगच पुढील हिशेबाकडे वळावे, हे न्याय्य होय.

पुढचा हिशेब साध्या भागाकाराचा आहे. अमेरिकेची लोकसंख्या सुमारे ३३ कोटी. तीस १५ लाखांनी भागले असता दर २२० माणसांमागे एक अध्यापक येतो. भारताची लोकसंख्या सुमारे १४० कोटी. येथे दर पावणेनऊशे माणसांमागे एक. परंतु लोकसंख्येत तान्ही मुले व वृद्धही आले. त्यांना महाविद्यालयाशी कर्तव्य नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या संख्येने भागणे अधिक योग्य. भारतात २०२१-२२ साली उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी ४ कोटी ३३ लक्ष होते. अमेरिकेत २०२१ च्या शरद ऋतूत ते १ कोटी ८७ लक्ष होते. या हिशेबाने भारतात एका अध्यापकाच्या वाट्याला २७ विद्यार्थी येतात, आणि अमेरिकेत साडेबारा. जितक्या विद्यार्थ्यांकडे तेथील दोघे अध्यापक पाहतात, त्यांहून थोड्या अधिक विद्यार्थ्यांकडे येथील एकट्यास पाहावे लागते. भारतातील आजच्याच विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या मानाने अध्यापक द्यावयाचे म्हटले, तर सुमारे ३५ लाख अध्यापक लागतील; म्हणजे आहेत तितके आणखी, आणि त्यांवर आणखी तीन लाख.

या भागाकारावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो, तो असा की, दोन्ही देशांत ‘अध्यापक’ व ‘विद्यार्थी’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत कशावरून? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे विषयाच्या गाभ्यात शिरता येते. भारताच्या विद्यार्थीसंख्येत सुमारे दहावा भाग दूरस्थ पद्धतीने, म्हणजे घरी राहून पाठांची पुस्तके वाचून शिकणाऱ्यांचा आहे. तो वगळला तर एका अध्यापकामागील संख्या सत्तावीसवरून चोवीस-पंचवीसवर येते. दुसरीकडे अमेरिकेच्या १५ लाख अध्यापकांत पूर्णवेळ काम करणारे शंभरात ५६ असून उरलेले ४४ अंशवेळ आहेत. कोणी संध्याकाळी एक वर्ग घेतो, कोणी आठवड्यातून दोन दिवस येतो. तेथील विद्यार्थ्यांतही दहांपैकी जवळजवळ चार अंशवेळच शिकणारे आहेत. म्हणून तेथे असा संकेत आहे की, तीन अंशवेळ माणसांचे मिळून एक पूर्ण माणूस धरावे. या संकेताने हिशेब केला म्हणजे अध्यापक सुमारे साडेदहा लाख उरतात, विद्यार्थी सुमारे १ कोटी ३८ लक्ष उरतात, आणि दर अध्यापकामागे तेरा विद्यार्थी येतात. सारांश, दोन्ही बाजूंनी जितकी काटछाट करावी तितकी केली, तरी एका बाजूस तेरा व दुसऱ्या बाजूस चोवीस ही तफावत कायम राहते. ती मोजणाऱ्याच्या हातचलाखीने उत्पन्न झालेली नाही.

शिवाय अमेरिकेच्या गणतीत आणखी एक वर्ग धरलेलाच नाही. मोठ्या विद्यापीठांतून पीएच.डी. करणारे विद्यार्थी साहाय्यक अध्यापक म्हणून खालच्या वर्गांना शिकवितात, प्रयोगशाळेत उभे राहतात, निबंध तपासतात. त्यांची संख्या काही लाख आहे. परंतु अध्यापकांच्या यादीत त्यांचे नाव येत नाही. प्रोफेसरांनी दोनशे विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिले, तरी पुढे त्या दोनशेंचे वीस-वीसचे गट करून त्यांच्या शंका ऐकणारा कोणी तरी असतो, तो हा.

हे झाले अध्यापकांच्या एकंदर संख्येविषयी. परंतु ते अध्यापक बसतात कोठे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आणि तो तर अधिकच महत्त्वाचा आहे. २०२१-२२ च्या पाहणीप्रमाणे भारतात १,१६८ विद्यापीठे, ४५,४७३ महाविद्यालये व १२,००२ स्वतंत्र संस्था, अशा एकंदर ५८ हजारांहून अधिक संस्था होत्या. अमेरिकेत पदवी देणाऱ्या संस्था सुमारे ३,९०० होत्या. अध्यापकांची संख्या जवळजवळ सारखी, आणि संस्थांची संख्या पंधरापट! भागाकार केला असता अमेरिकेतील एका संस्थेत सरासरीने ३८५ अध्यापक येतात. भारतात सरासरी २७. येथे कोणाच्याही ध्यानात येईल की, दुधाचे एकच भांडे पाच वाट्यांत ओतणे निराळे आणि पाऊणशे वाट्यांत ओतणे निराळे.

सत्तावीस अध्यापकांचे महाविद्यालय म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. त्यात मराठी, हिंदी व इंग्रजी आल्या, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल आले, पदार्थविज्ञान, रसायन, वनस्पती, प्राणी व गणित आले, वाणिज्य आले. एकेका विषयाच्या वाट्याला दोन, फार तर तीन माणसे. त्यांतील एक प्रसूतीच्या रजेवर गेली, दुसरा निवृत्त झाला, आणि त्याची जागा भरली नाही, म्हणजे त्या विषयाचा सारा भार एकट्यावर पडतो, किंवा तो विषयच बंद होतो. २०१९-२० सालच्या पाहणीत तर असे आढळून आले की, शंभर महाविद्यालयांपैकी पासष्टांत विद्यार्थ्यांची संख्या पाचशेहूनही कमी होती. लहान महाविद्यालय वाईटच असते असे मुळीच नाही. तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले म्हणूनच असंख्य मुली शिकू शकल्या. शहरात खोली घेऊन त्यांना शिकविण्यास किती घरे तयार झाली असती? परंतु लहान महाविद्यालयास जी माणसे लागतात, ती पुरी दिली नाहीत, तर विद्यार्थ्याच्या हाती पदवी पडते व विद्या मार्गातच राहते.

दोन देशांत हा भेद का पडला, याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालय १६३६ सालचे. तेथे आरंभापासून महाविद्यालय म्हणजे गुरू व शिष्य एकत्र राहण्याचे ठिकाण. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असतानाच, मॉरिल कायदा झाला. संघराज्याने संस्थानांना जमिनी दिल्या व त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रकला शिकविणारी महाविद्यालये उभारावी असे ठरविले. १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जर्मनीच्या धर्तीवर संशोधनास अग्रस्थान दिले. १९०१ साली जोलिएट येथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. पुढे १९४४ च्या कायद्याने लढाईवरून परत आलेल्या सैनिकांची फी सरकारने भरण्याचे पत्करले, आणि सुमारे २२ लाख सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. या प्रत्येक टप्प्याला विद्यार्थी वाढले तसा पैसाही आला, आणि पैशाबरोबर अध्यापकही आले.

हिंदुस्थानात मात्र १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्याची, म्हणजे केवळ परीक्षा घेणारी होती. शिकविणे महाविद्यालयांनी, परीक्षा विद्यापीठाने, अशी वाटणी झाली. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांनी स्वतः अध्यापक नेमावे याला वाट करून दिली. कलकत्त्यास आशुतोष मुखर्जी यांनी १९१७ च्या सुमारास पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या हाती घेतले, मुंबईत १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग निघाला. तरी संलग्नतेची मूळ चौकट टिकून राहिली. आजही बहुसंख्य महाविद्यालयांतील अध्यापक जे शिकवितो त्याची परीक्षा दुसराच कोणी घेतो, आणि तो स्वतः न पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतो. स्वायत्त महाविद्यालयांची संख्या अलीकडे वाढत आहे, हे खरे. पण अमेरिकेत सामान्यतः जो शिकवितो तोच प्रश्न काढतो व तोच गुण देतो. त्यामुळे विद्यार्थी कोठे चुकतो हे त्याला वर्ष संपण्यापूर्वीच कळते. केवळ माणसांच्या संख्येने ही गोष्ट साधत नाही. तिला निराळी व्यवस्था लागते.

स्वातंत्र्य मिळताच या प्रश्नाचा विचार झाला नव्हता असे नाही. १९४८ साली सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली जो विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला, त्यात आर्थर मॉर्गन व जॉन टायगर्ट हे दोन अमेरिकन शिक्षणतज्ज्ञही सभासद होते. आयोगाने १९४९ साली आपले निवेदन दिले. त्यात विद्यापीठाच्या कला व विज्ञान शाखांत तीन हजारांहून अधिक व संलग्न महाविद्यालयात पंधराशेहून अधिक विद्यार्थी असू नयेत, लहान गटांच्या ट्युटोरियल वर्गांची वाढ करावी, आणि अध्यापकांचे वेतन सुधारावे, असा आग्रह धरला होता. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग आला. त्यास १९५६ साली कायद्याचे अधिष्ठान मिळाले. वेतन पुष्कळच सुधारले. ट्युटोरियल मात्र बहुतेक ठिकाणी वेळापत्रकात राहिले, वर्गात उतरले नाही. ज्या अध्यापकापुढे ऐंशी मुले बसली आहेत, त्याने आठ-आठांचे दहा गट करावे म्हटले, तर त्याचा आठवडा दहा दिवसांचा करावा लागेल.

महाराष्ट्राला या दोन्ही देशांच्या विद्यापरंपरेचा परिचय जुना आहे. डॉ. भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन व तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. परत आल्यावर १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथांच्या संपादनासाठी हार्वर्डला गेले. त्यांचे पुत्र दामोदर तेथूनच १९२९ साली पदवीधर झाले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. तेथील अध्यापक विद्यार्थ्याला किती वेळ देऊ शकतो, आणि त्यामुळे विद्यार्थ्याच्या बुद्धीला कसा आकार येतो, हे या मंडळींनी प्रत्यक्ष अनुभवले होते.

त्याच फर्ग्युसनची दुसरी बाजूही येथे सांगितली पाहिजे. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली ते महाविद्यालय काढले, आणि आजीव सभासदांच्या त्यागावर ते उभे राहिले. गोपाळ गणेश आगरकर, गोपाळ कृष्ण गोखले, धोंडो केशव कर्वे यांनी तेथे अध्यापन केले. गोखले यांनी मासिक पाऊणशे रुपये वेतनावर आपल्या उमेदीची वर्षे तेथे घालविली. महाराष्ट्र या त्यागाचे स्मरण अभिमानाने करतो, व ते योग्यच आहे. परंतु या अभिमानातून एक गैरसमज रूढ झाला आहे. खरा गुरू वेतनाकडे पाहत नाही, असे म्हणून अध्यापकाची उपेक्षा करण्याची सोय समाजाने करून घेतली आहे. त्यागाने एखादी संस्था उभी राहते. सोळा लाख माणसांचा व्यवसाय त्यागावर चालत नाही. आणि आजीव सभासदाला वेतन थोडे असले, तरी त्याचे स्थान पक्के होते, संस्था त्याची स्वतःची होती. आजच्या पुष्कळ तरुण अध्यापकांजवळ वेतनही नाही आणि स्थानही नाही.

हा या विषयातील सर्वांत दुखरा भाग होय. महाराष्ट्रात ‘तासिका तत्त्वावर’ हा शब्दप्रयोग आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. जितके तास घ्यावे तितक्या तासांचे पैसे. सुट्टी लागली की पैसे थांबले. पुढील वर्षी नेमणूक होईल याची शाश्वती नाही. सेट किंवा नेट परीक्षा उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. झालेला माणूस सकाळी एका महाविद्यालयात व दुपारी दुसऱ्यात तास घेत फिरतो. त्याच्याकडून विद्यार्थ्याची वही पाहण्याची, त्याच्याशी अर्धा तास बोलत बसण्याची अपेक्षा कशी करावी? त्याला बसण्यास धड खुर्ची नसते. मंजूर असलेल्या जागाही भरल्या जातात असे नाही. खुद्द केंद्रीय विद्यापीठांत २०२२ साली सुमारे एकोणीस हजार मंजूर जागांपैकी सहा हजारांहून अधिक रिकाम्या होत्या, असे संसदेत दिलेल्या उत्तरांवरून दिसते. जागा रिकामी ठेवून जे पैसे वाचतात ते सरकारच्या ताळेबंदात जमेच्या बाजूस दिसतात. विद्यार्थ्याचे जे बुडते ते कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

या बाबतीत अमेरिकेचे अनुकरण करावे असे म्हणण्याचीही सोय नाही. तेथे १९७० साली अध्यापक सुमारे ४ लाख ७४ हजार होते, आणि त्यांत शंभरात ७८ पूर्णवेळ होते. अर्ध्या शतकात संख्या तिप्पट झाली, परंतु पूर्णवेळांचे प्रमाण ७८ वरून ५६ वर घसरले. ज्याला तेथे ‘टेन्युअर’ म्हणतात, म्हणजे सबळ कारणावाचून काढता न येणारी कायम नेमणूक, तीही विरळ होत चालली. ही पद्धत ज्या संस्थांत आहे तेथील पूर्णवेळ अध्यापकांपैकी १९९३-९४ साली शंभरात ५६ जणांना ती होती. २०१८-१९ साली ४५ जणांना. कॅलिफोर्नियात एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे मोटार हाकीत जाणाऱ्या अंशवेळ अध्यापकांना ‘फ्रीवे फ्लायर’ असे टोपणनावच पडले आहे. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या तासिका-अध्यापकाला हे ऐकून आपला भाऊ सातासमुद्रापलीकडेही आहे, एवढेच काय ते समाधान. संपन्नता आली म्हणजे अध्यापकाची अस्थिरता आपोआप जाते, हा भ्रम मात्र या आकड्यांनी दूर होतो.

एका बाबतीत भारताची वाटचाल निःसंशय आशादायक आहे. २०१४-१५ साली दर शंभर पुरुष अध्यापकांमागे ६३ स्त्रिया होत्या. २०२१-२२ साली त्या ७७ झाल्या. एकूण अध्यापकांत स्त्रियांचे प्रमाण शंभरात ४३ हून अधिक आहे. अमेरिकेत ते जवळजवळ निम्मे आहे. म्हणजे या बाबतीत अंतर फार थोडे उरले. ज्या प्रांतात धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, तेव्हा पदवीधर स्त्री हाच कुतूहलाचा विषय होता, त्या प्रांताला या आकड्याचे मोल निराळे सांगावयास नको.

आता पुढील काळाकडे पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने असे उद्दिष्ट ठेवले आहे की, उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण २०३५ पर्यंत शंभरास पन्नास व्हावे. २०२१-२२ साली ते २८.४ होते. तरुणांची संख्या तेवढीच राहील असे धरून त्रैराशिक मांडले, तर विद्यार्थी सुमारे ७ कोटी ६२ लक्ष होतील. आजचेच सत्तावीसाचे प्रमाण ठेवावयाचे म्हटले, तरी २८ लाख अध्यापक लागतील; म्हणजे बारा लाख नवे. अमेरिकेचे साडेबाराचे प्रमाण गाठावयाचे तर एकसष्ट लाख. तूर्त बारा लाखांचाच विचार केला, तरी १४ वर्षांत ते उभे करण्यास वर्षाला सुमारे ८५ हजार माणसे लागतात. त्यांत निवृत्त होणाऱ्यांची भर घालावी लागेल. अध्यापकाची सेवा सरासरी तीस वर्षांची धरली तर सोळा लाखांपैकी दरसाल पन्नास हजारांहून अधिक निवृत्त होतात. म्हणजे वर्षाला १ लाख ३५ हजार नवे अध्यापक हवेत. २०२१-२२ साली सर्व देशात पीएच.डी.साठी नोंदलेले विद्यार्थी, सर्व वर्षांचे मिळून, २ लाख १२ हजार होते. प्रत्येक अध्यापकाला पीएच.डी. हवीच असे नाही, आणि प्रत्येक पीएच.डी. अध्यापक होतोच असेही नाही. तरी मागणी व तयारी यांतील अंतर किती मोठे आहे, हे सांगण्यास एवढे पुरे. अध्यापक मागणीबरोबर तयार होत नाही. तो पंधरा-वीस वर्षे आधी पेरावा लागतो. आज जो हुशार विद्यार्थी तासिका-अध्यापकाची ओढाताण पाहून दुसऱ्या व्यवसायाकडे वळतो, तो २०३५ सालच्या वर्गातील रिकामी खुर्ची होय.

मग सुशिक्षित गृहस्थांनी या आकड्यांतून घ्यावयाचे ते काय? सरकारने जागा भराव्या, हे तर उघडच आहे, आणि ते मतदार या नात्याने मागितलेही पाहिजे. परंतु घरच्या घरी करण्याजोगी एक गोष्ट आहे. मुलाला महाविद्यालयात घालताना पालक इमारत पाहतात, वसतिगृह पाहतात, मागील वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला ते विचारतात. त्याऐवजी, किंवा त्याबरोबर, चार प्रश्न विचारावे. मुलाच्या विषयाचे पूर्णवेळ अध्यापक किती आहेत? त्यांतील किती जण पाच वर्षांहून अधिक काळ तेथे टिकले आहेत? एका वर्गात मुले किती बसतात? आणि विद्यार्थ्याने लिहिलेले काही, परीक्षेखेरीज, कोणी वाचून परत देते काय? हे प्रश्न एका पालकाने विचारले तर कार्यालयातील कारकून हसेल; शंभरांनी विचारले तर प्राचार्य उत्तर तयार ठेवतील; हजारांनी विचारले तर संस्थाचालकांना जागा भराव्या लागतील. ग्राहकाने धान्य चाळून घेण्यास आरंभ केल्यावाचून वाणी खडे काढीत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे असते, आणि एकंदर काम ४० तासांचे धरलेले आहे. उरलेले तास वाचनाचे, तयारीचे, संशोधनाचे व विद्यार्थ्यांना भेटण्याचे. दोन देशांच्या तुलनेचे सार याच उरलेल्या तासांत आहे. तेरा विद्यार्थी असले तर त्या तासांत प्रत्येकाला नावाने ओळखता येते. सत्तावीस असले तर कष्टाने ओळखता येते. अध्यापकाची जागाच रिकामी असली, किंवा तो पुढच्या महाविद्यालयाची बस गाठण्याच्या घाईत असला, तर ओळखणारे कोणी उरत नाही. देशात अध्यापक किती, हे पाहणीच्या अहवालात दरवर्षी छापून येईल. आपल्या मुलाचे नाव ठाऊक असलेला अध्यापक त्याच्या महाविद्यालयात आहे की नाही, ही पाहणी मात्र प्रत्येक घराने स्वतःच करावयाची आहे.